मुक्काम कुठे?

पत्ता लिहिताना आपण गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ लिहितो. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. मराठीचा शिक्षक म्हणून पत्रलेखन शिकवताना एकतीस वर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादा चौकस मुलगा विचारायचाच, “सर, आपण तर तिथं कायमचे राहतो, मग मुक्काम कसा?” मी सांगायचो, मुक्काम हा शब्द अरबीतून आला, मुसाफिरही तिथूनच आला. ‘मजल-दरमजल’मधली मजल म्हणजे मूळची मंजिल. सराई फारसीतली. मराठी माणूस प्रवासाला निघाला की त्याच्या शिदोरीतले निम्मे शब्द असे दुरून आलेले असतात आणि त्याला ते घरचेच वाटतात. तुकोबांची पालखी 1685 पासून देहूहून पंढरीला जाते. तिच्या वाटेवर बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे टप्पे आहेत. त्यांना वारकरी मुक्कामच म्हणतात.

आमच्या घरात ‘मुक्काम कुठे’ हा प्रश्न मात्र पूर्वी कधी पडलाच नाही. आमच्या वडलांच्या पिढीने नुसते पाहायला म्हणून प्रवास केलाच नाही. लग्न, मयत, उरूस, कोर्टाची तारीख, ससूनमध्ये कुणाला दाखल केलेले, यांतले काही असेल तरच माणूस घराबाहेर पडे, आणि पडला की कुणा ना कुणा नातलगाच्या घरी उतरे. नातलग नसेल तिथे दुसरा उपाय होता. पुणे जिल्ह्यात, सोलापुरात, नगरकडे गावोगाव एखाद-दुसरे तरी मुसलमानाचे घर असते. कुठे तांबोळी, कुठे आतार, कुठे शिकलगार, आणि बहुतेक ठिकाणी मुलाणी. मुलाणी हा बारा बलुतेदारांतला. गावाच्या जत्रेत बोकड कापायला तोच लागे, कारण त्याने ‘बिस्मिल्ला’ म्हटल्याशिवाय पाटलाच्या घरातही मटण शिजत नसे. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. संध्याकाळी अनोळखी गावात पोचलेला मुसलमान वाटसरू वेशीतच विचारी, “मुलाण्याचं घर कुठंय?” मग ओळख नसली तरी भाकरी मिळे, ओट्यावर गोधडी मिळे, फजरला उठवणारे कुणी मिळे.

माझे नाना असे मुलाणी होते. जुन्या पळसदेवात, भीमेच्या काठी. हे गाव इंदापूर तालुक्यातले. ‘जुन्या’ म्हणायचे कारण असे, की उजनीचे धरण 1980 साली पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गाव उठून पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला आले. पळसनाथाचे दगडी देऊळ मागे राहिले. पाणी फार उतरले की ते बाहेर येते. 2024 च्या उन्हाळ्यात आले होते, तेव्हा लोक लांबून लांबून पाहायला गेले, वर्तमानपत्रांत फोटो आले. देवळाचा फोटो येतो. नानांच्या घराचा येणार नाही, ते मातीचे होते. आणि माझ्या नानीची कबर ज्या कब्रस्तानात आहे, त्याचाही नाही.

मुलीने सहलीचा बेत काढला तो फेब्रुवारी 2025 मध्ये. शबे-बरात नुकतीच झालेली, पुढे पंधरवड्यावर रमजान. “रमजानच्या आधी एक शनिवार-रविवार कुठंतरी जाऊ या,” ती म्हणाली. जावयाची सात जणांची गाडी, त्यात ती दोघे, आठ वर्षांची नात, मी, माझी पत्नी आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची अम्मी. वाट सोपी होती. सासवड, जेजुरीवरून मोरगाव, मग बारामती, तिथून भिगवण, आणि दुसऱ्या दिवशी इंदापूर करून सोलापूर रस्त्याने परत. दोन दिवसांचा प्रवास, मधे एक रात्र. सगळी चर्चा त्या एका रात्रीवर येऊन अडली, आणि ती चर्चा आमच्या घरात आठ दिवस चालली.

ज्यांना हा मुलूख माहीत नाही त्यांना वाटेल, की एवढ्याशा अंतरात मुक्काम कुठेही केला तरी काय बिघडते? बारामती ते भिगवण सव्वीस-सत्तावीस किलोमीटर, भिगवण ते इंदापूर चाळीसेक. पण इथले पाहण्यासारखे बरेचसे पहाटे नाहीतर दिवस मावळताना दिसते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणे आहेत. अभयारण्य एवढेसे, पाच चौरस किलोमीटरच्या थोडे वर, पण दुपारी बाराला गेलात तर बोरी-बाभळींशिवाय काही दिसायचे नाही. शिर्सुफळ आणि कडबनवाडीच्या माळांवर वन विभागाने 2024 मध्ये गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली, तिथे लांडगा दिसतो म्हणतात. तोही काही तुमच्या न्याहारीनंतर येत नाही. आणि भिगवणचे पक्षी पाहायचे तर उजाडताना पाण्यावर असावे लागते. थोडक्यात, जिथे रात्र काढाल तिथलीच पहाट तुमची. बाकीचे धावतपळत.

मुलीचे मत शेतावर राहावे असे होते. बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत 2005 च्या सुमारास कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू झाले, तेव्हा शेत पाहायला कोण पैसे देईल म्हणून लोक हसले असतील. आज त्या भागात अशी कितीतरी ठिकाणे आहेत, 2020 मध्ये सरकारने त्यासाठी धोरणही आणले. हुरड्याचा हंगाम सरत आला होता, तरी मिळण्यासारखा होता. नातीला गाय, बैलगाडी, विहीर दाखवता येईल, हा मुलीचा मुद्दा बिनतोड होता. जावयाचे म्हणणे बारामती शहरात चांगल्या हॉटेलात राहावे. गरम पाणी, लिफ्ट, अम्मीसाठी खुर्चीचा संडास. अम्मीचे गुडघे पाहता हा मुद्दाही बिनतोड. माझी स्वतःची ओढ बारामतीकडे होती, पण निराळ्या कारणाने. मोरोपंतांनी आयुष्य तिथे काढले. 1729 साली पन्हाळ्याला जन्मलेला हा माणूस बारामतीला नाईकांच्या आश्रयाला आला आणि 1794 मध्ये तिथेच वारला. कऱ्हेकाठी बसून त्याने एकशे आठ रामायणे रचली. त्याच्या आर्या मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतल्या. त्या गावात एक रात्र झोपावे एवढीच माझी इच्छा. पत्नीने तीही मोडीत काढली. “झोपेत काय मोरोपंत दिसणार आहेत?” ती म्हणाली.

यापलीकडे आणखी एक हिशेब होता. तो कुणी मोठ्याने मांडत नव्हते, पण प्रत्येक जण मनात करत होता. आमच्या लोकांना तो समजावून सांगायला नको. जावयाने महामार्गालगतच्या एका लॉजला फोन केला. खोल्या होत्या, भाडे ठरले, गाडी लावायला जागा होती, सकाळचा नाश्ता धरून होता. मग त्याने नाव सांगितले. पलीकडे जरा वेळ शांतता. “थांबा हं, साहेबांना विचारून सांगतो.” दहा मिनिटांनी फोन आला, की लग्नाचे बुकिंग आहे, ते लक्षात राहिले नव्हते. असेलही. लग्नसराई होतीच. पण जावई फोन खाली ठेवून गप्प बसला आणि मुलगी म्हणाली, “पुढच्या वेळी बाबांच्या मित्राच्या नावानं करू.” ते मला अजिबात आवडले नाही. आमच्या एका भाच्याचे नाव असे आहे की ते दोन्हीकडे चालते. तो आडनाव न सांगता सगळीकडे खोली घेतो आणि वर ते मोठ्या हुशारीने सांगतो. मला त्यात हुशारी दिसत नाही. रात्रीपुरती खोली घ्यायची तर नाव सांगून घ्यावी, नाहीतर रात्रीच घरी परत यावे. पुणे शंभर किलोमीटरवर तर आहे.

जेवणाचा प्रश्न वेगळा. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. पिठले-भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचे भरीत यांवर मी महिना काढीन. तक्रार असलीच तर उलट बाजूच्या ढाब्यांबद्दल. तिथे कोंबडी कुणी कापली हे विचारावे लागते, आणि विचारले की वाढप्या आपल्याकडे असे बघतो जणू आपण त्याच्या गल्ल्यात हात घातला. पूर्वी हा प्रश्न मुलाण्याच्या सुरीने गावाच्या गावे सोडवला होता. तेव्हा पाटलाचे आणि आमचे मटण एकाच हाताचे असे. महामार्गावर मुलाणी नाही.

अम्मी या सगळ्या चर्चेत सहा दिवस काही बोलली नाही. सातव्या दिवशी इशाच्या नमाजानंतर जानमाज घडी करता करता म्हणाली, “मैं तो पानी के पास सोऊंगी.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग एकदम लक्षात आले, की भिगवण म्हणजे उजनीचे पाणी. शबे-बरातला आम्ही सगळे कब्रस्तानात जाऊन येतो. अब्बांच्या कबरीवर अगरबत्ती लागते, फुले वाहिली जातात. अम्मी तेव्हा घरीच असते आणि तिच्या आईच्या नावाने घरूनच फातिहा देते. चाळीसहून अधिक वर्षे हेच चालले आहे. ती कधी याबद्दल बोलली नव्हती, आम्हीही कधी विचारले नव्हते. त्या रात्री तिने एवढेच सांगितले, की गाव उठले तेव्हा लोकांनी दारे, तुळया, कौले काढून नेली, देवळातली पूजा वर आणली, पण कबरी कोण उचलणार?

मी म्हणालो, “अम्मी, पळसदेवला राहायची सोय नाही. सोय आहे ती कुंभारगावला, भिगवणच्या जवळ. पळसदेव तिथून बरंच लांब.”

“पानी तो एकच है ना?” ती म्हणाली.

याला उत्तर नव्हते. पाणी एकच. 117 टीएमसीचे ते पाणी यशवंतसागर या नावाने कितीतरी गावांवर पसरले आहे.

कुंभारगाव, डिकसळ, तक्रारवाडी या काठच्या गावांत मासेमारी करणारी भोई कुटुंबे आहेत. गेल्या काही वर्षांत पक्षी पाहायला येणाऱ्यांना होडीतून नेणे हा त्यांचा दुसरा धंदा झाला आहे, आणि त्यापाठोपाठ काहींनी घरालगत दोन-तीन खोल्या बांधून राहण्याची-जेवणाची सोय केली आहे. अशा एका घरी मी स्वतः फोन लावला. या वेळी सुरुवातच नावाने केली. पलीकडचा माणूस म्हणाला, “या की. किती जण?” मी सांगितले. मग तो म्हणाला, “मग जेवायला मासंच करतो. म्हणजे तुम्हाला कापायचा प्रश्न नाही.”

मी क्षणभर काही बोललो नाही. मासा हलाल करावा लागत नाही, तो पाण्याबाहेर काढला की झाला, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असते. पण ते कुंभारगावच्या भोयाला माहीत असावे, आणि मी विचारण्याआधी त्यानेच सांगावे! आठ दिवस चाललेली चर्चा त्या एका वाक्यात मिटली. मुलीला हुरडा दुपारचा मिळाला, जावयाला खुर्चीचा संडास आहे याची खात्री फोनवरच मिळाली. माझ्या मोरोपंतांना चहापुरता वेळ ठरला.

निघायच्या आदल्या दिवशी अम्मीने आणखी एक काम सांगितले. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून यायचे, की तिथे नमाज कसर पढायची की पुरी? आपल्या हनफी मसलकात 48 मैलांपलीकडे निघालेला माणूस मुसाफिर ठरतो आणि जोहर, असर, इशाच्या चार रकातींच्या जागी दोनच पढतो. पण स्वतःच्या वतनात पोचला की तो मुसाफिर राहत नाही. अम्मीचा सवाल असा, की जिथे जन्म झाला त्या गावाच्या पाण्याकाठी ती मुसाफिर की मुकीम? इमामसाहेब वयाने लहान, बिहारकडचे. त्यांनी सवाल नीट ऐकून घेतला. म्हणाले, बाई लग्न होऊन सासरी स्थायिक झाली की तिचे वतन सासरचे गाव. माहेरी पंधरा दिवसांहून कमी राहायला गेली तर कसर. मी घरी येऊन सांगितले. अम्मी हसली. “देखो,” ती म्हणाली, “शादी हुई तबीच मुसाफिर हो गई मैं. धरन तो बाद में आया.”

या वाक्यावर माझ्या पत्नीने आणि मुलीने एकमेकींकडे पाहिले ते मी पाहिले. त्या दोघींचाही मसला तोच होता.

शनिवारी सकाळी निघालो. जेजुरीचा गड खालूनच पाहिला, पायऱ्या अम्मीच्या आवाक्याबाहेरच्या. मोरगावला मात्र उतरलो. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती. मंदिराच्या तटाला चार कोपऱ्यांवर चार मनोरे आहेत, लांबून पाहणाऱ्याला मशीदच वाटावी. बहमनी-आदिलशाही काळातले बांधकाम, आक्रमकांना दुरून मशीद वाटावी म्हणून असे बांधले, असे तिथे सांगतात. मला ते कारण कधी पटले नाही. गवंडी ज्या राज्यात जे बांधायला शिकला तेच हात त्याने इथेही चालवले असतील. नात म्हणाली, “दादा, ही तर आपल्यासारखी आहे.” शेजारी प्रसादाचे दुकान होते. दुकानदारीण हसून म्हणाली, “सगळी पोरं असंच म्हणतात.”

हुरडा झाला, बैलगाडी झाली, बारामतीत कऱ्हेच्या पुलावरून मोरोपंतांना मनातल्या मनात सलाम झाला. बारामती आता केवढी वाढली आहे! रुंद रस्ते, कॉलेजे, कारखाने. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नीरेचा डावा कालवा आला आणि कोरडवाहू मुलूख उसाचा झाला. पुढे साखर कारखाने आले, वालचंदनगर उभे राहिले. कालव्याने ज्यांची शेते भिजली आणि धरणाने ज्यांची बुडाली, ती माणसे एकाच तालुक्यातली. गाडीच्या खिडकीतून एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला माळ, असे ते आजही दिसते. जावयाने गाडी भरधाव हाणली, कारण असर कुंभारगावला पोचून पढायचा होता.

घर पाण्यापासून हाकेवर होते. मालकाने एक शाळकरी वही पुढे केली, आलेल्यांची नावे लिहायला. मी सगळ्यांची नावे लिहिली. पत्त्याच्या रकान्यात ‘मु. पो.’ लिहून पुण्याचे नाव टाकणार, तोच अम्मी म्हणाली, “मेरा अलग लिख.” मी लिहिले : मु. पो. जुने पळसदेव, ता. इंदापूर. मालकाने वही फिरवून वाचले. “आजी पळसदेवच्या? कुणाच्या?” अम्मीने नानांचे नाव सांगितले नाही, नुसते “मुलाण्याची” म्हणाली. त्याचे वय पन्नाशीचे, त्याला आठवणे शक्य नव्हते. पण आतून त्याची म्हातारी आई आली, काठी टेकत. दोघी ओसरीवर बसल्या त्या रात्रीच्या जेवणापर्यंत. तिचेही गाव बुडालेलेच. बोलणे सगळे माणसांचे नव्हते. कुठली विहीर गोड होती, कुठली मचूळ, आंब्याची कुठली झाडे, पुराच्या पाण्यात कुठल्या साली काय वाहून आले, असले. भोयीणबाईचा सूर आमच्यापेक्षा जरा निराळा होता. “आमचं तर पाणीच वाढलं ओ आजी,” ती म्हणाली. “आधी नदी होती, मग समिंदर मिळाला. पोरांची पोटं भरली.” धरण सगळ्यांना सारखे लागले नाही, हे तिथे बसून पुस्तकाविना कळत होते.

जेवायला चिलापीचा काळ्या मसाल्याचा रस्सा, तळलेले तुकडे, ज्वारीची भाकरी. जावयाने पाच भाकरी खाल्ल्या. मगरिब आणि इशा आम्ही अंगणातच पढलो. किब्ला कुठे, हे मालकाने स्वतःच दाखवले, दिवस मावळतो ती बाजू. म्हणजे पाण्याकडे पाठ. अम्मीने इशाच्या दोनच रकाती पढल्या, आणि सलाम फेरल्यावर बराच वेळ हात वर ठेवून बसली.

तिला होडीत न्यायचे की नाही यावर रात्री पुन्हा वाद झाला. माझ्या मनात धाकधूक होती. 21 मे 2024 ला करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटून सहा जण बुडाले, ते हेच पाणी. मालक म्हणाला, “सर, ते मे महिन्याचं वारं. आता पहाटेचं पाणी परातीसारखं असतं. आणि आजी जाकीट घालतील.” खरोखरच फजरनंतर पाहिले तर पाण्यावर सुरकुती नव्हती. नारिंगी जाकीट बुरख्यावरून चढवून अम्मी होडीच्या मधल्या फळीवर बसली. नात तिच्या मांडीला चिकटून.

पक्षी काय पाहिले ते सांगायचे तर यादी होईल, आणि मला सगळी नावे येतही नाहीत. चित्रबलाक होते, गुलाबी पिसांचे. हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब होते, डोक्यावर दोन काळ्या रेघा असलेले. एका खुंटावर मोरघारीसारखा दिसणारा कैकर मासा फाडत बसला होता. रोहित थोडे होते, लांबवर. धरण जास्त भरलेले असले की काठचा चिखल उघडा पडत नाही, आणि चिखल नाही तर रोहितांना खायला नाही, म्हणून ते पाणी ओसरेपर्यंत वाट पाहतात, असे नावाड्याने सांगितले. 2024 च्या पावसाळ्यात उजनी भरून वाहिली होती. नातीने विचारले, “म्हणजे पाणी कमी झालं की ते येतात?” नावाडी म्हणाला, “हां. पाणी उतरलं की पाहुणे.”

सूर्य वर आला तसे अम्मीने खूण करून होडी थांबवायला सांगितली. नावाड्याने वल्हे उचलले. मी त्याला पळसदेवची दिशा विचारली, त्याने पाण्यावरून हात लांब केला. अम्मीने तिकडे तोंड केले. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती, आवाज नव्हता. जावयाने मोबाइल खिशात घातला. नावाड्याने, कुणी न सांगता, डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग अम्मी म्हणाली, “चलो, बच्ची को भूक लगी होगी.”

बिलात मालकाने म्हाताऱ्या माणसाचे जेवण धरले नव्हते. मी म्हणालो, तिनेही खाल्ले आहे. तो म्हणाला, “आईनं सांगितलंय, माहेरवाशिणीचं धरायचं नाही.” मी पैसे पुढे केले, त्याने घेतले नाहीत. मग माझ्या पत्नीने रमजानसाठी घेतलेला खजुराचा डबा म्हातारीच्या हातात दिला, तेव्हा बरोबरी झाली.

इंदापुरात मालोजीराजांची गढी पाहिली, म्हणजे तिचे जे काही उरले आहे ते. शिवाजी महाराजांचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. नगरच्या शहाशरीफ पीराला नवस केला म्हणून त्यांनी मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. गढीपाशीच चाँदशाहवलींचा दर्गा आहे, तिथे दोन्हीकडची माणसे येतात. आम्ही फातिहा पढून सावलीत दहा मिनिटे बसलो. परतताना पळसदेवला रस्ता सोडून काठापर्यंत गाडी नेली. अम्मी खाली उतरली नाही. “हो गया मेरा,” म्हणाली.

निघताना मालकाने कबूल केले होते, की मे महिन्यात पाणी खाली गेले, देऊळ दिसायला लागले, की फोन करीन. देऊळ दिसले म्हणजे त्याच्या बाजूची जमीनही दिसणार. अम्मी मे महिन्याची वाट पाहत राहिली. त्या वर्षी पाणी पुरेसे उतरण्याआधीच पाऊस आला. मेच्या शेवटच्या आठवड्यात बारामती-इंदापुरात तो असा कोसळला, की बारामतीजवळ नीरेचा डावा कालवा फुटला. कालव्याची बातमी आम्ही टीव्हीवर पाहत होतो, तेवढ्यात कुंभारगावचा फोन आला. मालक म्हणाला, “सर, आजीला सांगा, यंदा काही खरं नाही. पाणी चढायला लागलं.” फोन अम्मीकडे दिला. तिने त्याच्या आईची तब्येत विचारली, पावसात घर गळत नाही ना ते विचारले, आणि पुढच्या वर्षीची खोली धरून ठेवायला सांगितले, खालची, पायऱ्या नसलेली.